महालक्ष्म्यांचं जेवण बाहेरून मागवलं: पोळीला पैकीच्या पैकी, बाकीचं वाचा

यंदा काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे महालक्ष्म्यांचा (आम्ही मूळ बीडचे, गौरी म्हणायची सवय नाही) स्वयंपाक पहिल्यांदाच बाहेरून मागवला. धायरीतच घरगुती ऑर्डर घेणाऱ्या एक ताई आहेत, नाव नाही लिहीत. आवाहनाची भाजी-भाकरी काकूने हट्टाने घरीच केली, पूजनाची पंधरा पानं यांच्याकडून, पानाला साडेतीनशे.

पुरणपोळी एक नंबर!! काठापर्यंत पुरण, जायफळ अगदी बेताचं, आणि इतकी मऊ की उचलली तर लोंबते पण फाटत नाही. चुलतभावाने तुपासोबत पाच खाल्ल्या, मग दुधात कुस्करून अजून दोन.

कटाची आमटी मात्र साफ फसली, ना काळा मसाला ना भाजलेलं खोबरं, नुसतं गोडूस पिवळं पाणी, ते पण पिशवीला रबर लावून दिलेलं, निम्मं गाडीच्या डिकीत. आंबील ठीक, ताक चांगलं आंबट होतं.

सोळा भाज्यांची एकत्र भाजी होती, तर आजी पानात बोटाने फोडी बाजूला करून मोजायलाच बसली, पडवळ, दोडका, गवार, लाल भोपळा, मका... गाडी अकरावर अडकली. फोन केला तर ताई म्हणतात, बाकीच्या शिजून विरघळल्या हो आजी 😂

खरा राग उशिराचा आलाय. बाराचं जेवण पावणेदोनला आलं. पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर, म्हणजे सगळ्यांकडे नैवेद्य त्याच दिवशी आणि साधारण त्याच वेळेला, हे त्यांना काय नवीन आहे का, मग झेपतील तेवढ्याच ऑर्डरी घ्या ना. जेवायला बोलावलेल्या सवाष्णीला शुगर, ती बिचारी नैवेद्याआधी काही खायला तयार नाही, शेवटी आजीनेच दटावून केळं खायला लावलं.

आणि आरतीच्या दिव्यांसाठी पावशेर पुरण वेगळं सांगितलेलं ते विसरल्याच. मग काकूने स्टुलावर बसून दोन पोळ्या उकलल्या, चमच्याने पुरण खरवडलं, त्याचे पाच दिवे वळले, एक जरा कलंडत होता त्याला खाली सुपारी लावली, झाली आरती.

पुढच्या वर्षी पोळ्या यांच्याच, त्याही आदल्या रात्री जाऊन आणायच्या, आमटी-भाजी आम्ही करू. काकूने नंबर सेव्ह केलाय, 'पोळीवाल्या अकरा भाज्या' नावाने.