पहिला गेमिंग पीसी, बेताचं बजेट: आठ महिन्यांनी कुठली काटकसर फळली, कुठली नडली

आधी पार्ट सांगतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (बोर्डाची क्षमता ठरवणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान) एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एकच पंखा असलेलं काचेच्या तोंडाचं कॅबिनेट आणि १०८०पी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा) मॉनिटर. आठ महिने रोजच्या वापरात आहे. बजेट बेताचं असलं की सगळा प्रश्न हात कुठे आखडता घ्यायचा एवढाच उरतो, म्हणून त्याच अंगाने लिहितो.

सगळ्यात मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यायचा, मॉनिटर सोडून उरलेल्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच. इथे तो दिला आणि अजिबात पस्तावा नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात, एका ८ पिनच्या केबलवर भागतं, आणि १०८०पीला ते आजही पुरतं. हलके स्पर्धात्मक गेम १४४ हर्ट्झ सहज भरून काढतात. नवे जड गेम मीडियम-हायवर सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास चालतात, पण रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) बंदच ठेवायचं.

खरी मर्यादा ८ जीबी मेमरीची. टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र) अल्ट्रावर ठेवलं तर सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण कॅमेरा झटकन वळवला की गेम अडखळतो. कार्डाची मेमरी भरली की जास्तीचा डेटा पीसीआयईमधून (कार्ड आणि बोर्ड जोडणारी वाट) सिस्टिमच्या रॅमकडे जातो, आणि या कार्डाला त्या वाटेच्या १६ नव्हे, ८ च लेन आहेत. टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की अडखळणं जातं, चित्रात फरक जेमतेम दिसतो. आधीच्या बी४५० चिपसेटच्या बोर्डावर हेच कार्ड पीसीआयई ४ ऐवजी ३ वर चालतं, म्हणजे ती वाट निम्मी अरुंद होते. बी५५० साठी थोडं जास्त मोजावं ते यासाठी, बोर्डावरच्या दिव्यांसाठी नाही.

प्रोसेसर निवडताना ५६०० आणि ५६००जी यांत बरेच जण फसतात. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, पण एल३ कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई ३. वेगळं कार्ड घ्यायचं ठरलंच असेल तर ५६०० घ्यावा. त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली तर पडदा काळाच राहतो. 'पीसी चालू होतो पण डिस्प्ले नाही' या तक्रारीत ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी. आणि कार्ड दुरुस्तीला गेलं तर पीसी तेवढे दिवस बंद, हेही धरून चालावं.

सोबत आलेला कूलर बदलला नाही, ही काटकसर फळली. गेममध्ये तापमान सत्तरीत राहतं, जड कामात ऐंशी ओलांडतं, मर्यादा ९० अंशांची आहे. खटकतं ते पंख्याचं सतत वर-खाली होणं. प्रोसेसरचं तापमान क्षणभर उडी मारतं आणि पंखा लगेच त्यामागे धावतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) फॅन सेटिंगला वेग वाढण्याआधीचा विलंब असतो, तो तीन-चार सेकंद केला की आवाज शांत होतो. यासाठी नवा कूलर आणू नका.

रॅमच्या दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरणं) मिळत नाही आणि गेममध्ये ते लगेच जाणवतं. शिवाय ३२०० ची रॅम बहुतेक वेळा आपोआप ३२०० वर चालत नाही, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा लिहिलेला वेग लागू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत ती २१३३ ते २६६६च्या दरम्यान कुठेतरी राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर स्पीड लिहिलेला असतो, पहिल्याच दिवशी बघून घ्या. १६ जीबी आता काठावर आहे: जड गेम, मागे ब्राउझर आणि व्हॉइस चॅट एवढ्यात ती भरत येते. म्हणून बोर्ड चार रॅम स्लॉटचाच घ्यावा. दोन स्लॉटचा घेतला तर पुढे आहे ती रॅम काढूनच नवी लावावी लागते.

एसएसडीत केलेली काटकसर मात्र नडली. एकेक मोठा गेम १०० जीबी किंवा त्याहून जास्त जागा खातो. विंडोज धरून ५०० जीबीत तीन मोठे गेम बसतात आणि चौथ्यासाठी एक उडवावा लागतो. भरत आलेली स्वस्त ड्राइव्ह लिहिताना मंदावतेही, विशेषतः क्यूएलसी प्रकारची (एका कप्प्यात चार बिट साठवणारी), त्यामुळे अपडेट रेंगाळतात. सुरुवातीलाच १ टीबी घ्या. दुसरी ड्राइव्ह पुढे लावू म्हणाल तर मॅन्युअल आधी वाचा: बऱ्याच बी५५० बोर्डांवर एसएसडी बसवण्याचा दुसरा एम.२ स्लॉट पीसीआयई ३ चा असतो आणि तो वापरला की काही साटा पोर्ट (केबलने लागणाऱ्या ड्राइव्हचे) बंद पडतात.

एसएमपीएस. प्रोसेसर जास्तीत जास्त ७६ वॉट, कार्ड १३२, बाकी सगळं मिळून पन्नासेक, म्हणजे ५५० भरपूर आहे. पण वॉटचा मोठा आकडा बघून निनावी डबा घेऊ नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट, म्हणजे ५५० चा दावा खरा. ३० च असतील तर कामाचे ३६० वॉटच, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. केबल लावताना प्रोसेसरची ८ पिन, ४ आणि ४ अशी फुटणारी, आणि कार्डाची ६ आणि २ अशी फुटणारी, यांत गल्लत होते. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात. जोर लावावा लागला तर केबल चुकलीय, थांबा.

कॅबिनेटची निवड सरळ चुकली. समोर बंद काच, मागे एक पंखा. कार्ड गरम होतं, त्याचे पंखे ओरडतात. हवेचीच अडचण आहे का, हे ओळखायला फुकटची परीक्षा आहे: एकच गेम वीस मिनिटं चालवून तापमान लिहून ठेवा, मग बाजूचं झाकण काढून तेच परत करा. पाच-सात अंशांनी उतरलं तर दोष कॅबिनेटचा. इथे पुढून हवा आत ओढणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावल्यावर फरक पडला, पण तेवढ्या पैशात आधीच जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट आलं असतं. धुळीची जाळी महिन्यातून एकदा काढून झटकावी, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं.

मॉनिटर १४४ चा असला तरी विंडोज बहुतेक वेळा ६० वरच सुरू होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो बदला, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू करा.

बायोसची दोन कामं विंडोज टाकण्याआधी उरका. एक, अपडेट. बी५५० बोर्ड २०२० मध्ये आले, ५६०० एप्रिल २०२२ मध्ये. जुन्या साठ्यातला बोर्ड हा प्रोसेसर ओळखेलच असं नाही, म्हणून पेन ड्राइव्हवरून बायोस चढवणारं फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड बघावा. दोन, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद आणि अबव्ह ४जी डीकोडिंग व रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सेटिंग) चालू. हे नंतर करायला गेलात आणि विंडोज ड्राइव्हवर जुन्या एमबीआर विभागणीने पडलेलं असेल, तर ते बूटच होणार नाही.

याच बोर्डावर पुढे ५८००एक्स३डी सारखा ९६ एमबी कॅशचा प्रोसेसर बसतो, तेव्हा चांगला कूलर लागेलच. त्या दिवशी जुना कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ (या प्रोसेसरांच्या सॉकेटचं नाव) च्या पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहणारा लेप) त्याला कूलरसकट सॉकेटमधून उपटून आणते, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून पेस्ट मऊ करा, पीसी बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलके पिळत राहा. तो सुटल्याचं हाताला कळतं. तेव्हाच वर उचला.