एअर वन, ९०.१ एफएम: युकायपातलं स्टेशन, युकायपाचं न राहिलेलं

कॅलिफोर्नियातल्या रेडलँड्समध्ये राहत असाल तर गाडीतला रेडिओ ९०.१वर लावा, एअर वन लागेल. चोवीस तास ख्रिस्ती उपासनेची गाणी, जाहिराती नाहीत, ऐकायला पैसे नाहीत. नाईट ड्युटी करून सकाळी आय-टेन हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की मी तेच लावते. डोकं शांत होतं, हॉर्न वाजवावासा वाटत नाही. पण घरी पोचल्यावर स्वयंपाक करताना ते लावायचं मी सोडून दिलंय.

हे स्टेशन मुळात आमच्या शेजारच्या युकायपाचं. डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. पुढे ओक ग्लेनला सफरचंदाच्या बागा. तिथे १९८६ मध्ये केएलआरडी या स्टेशनापासून सुरुवात झाली. १९९५ मध्ये ते एज्युकेशनल मीडिया फाउंडेशनकडे गेलं. के-लव्ह हे मोठं ख्रिस्ती नेटवर्क चालवणारी हीच संस्था. त्यांचं पहिलं स्टेशन १९८२ मध्ये सांता रोझाला सुरू झालं होतं. त्यांची पद्धत साधी आणि भलतीच यशस्वी. कार्यक्रम एकाच ठिकाणी तयार करायचा, उपग्रहावरून देशभर पाठवायचा आणि गावोगावच्या स्टेशनांनी तो नुसता पुढे सोडायचा. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा बिगर-व्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे, ९०.१ त्यातलंच. पूर्वी परवाना असलेल्या गावात किंवा आसपास स्टुडिओ ठेवायची सक्ती असायची. २०१७ मध्ये सरकारने तीही काढून टाकली. त्यामुळे युकायपाजवळ वणवा पेटला तर बातमी बघायला फोनच काढायचा.

या संस्थेची ताकद किती, तर २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधलं डब्ल्यूपीएलजे हे नामांकित स्टेशन त्यांनी विकत घेतलं आणि तिथे के-लव्ह सुरू केलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एअर वन बदललं. आधी तिथे स्किलेटसारखा रॉक बँड वाजायचा, लक्रेसारखे रॅपर असायचे. माझा मुलगा तेव्हा शाळेत होता, गाडीत बसल्या बसल्या आवाज वाढवायचा आणि आमची भांडणं व्हायची. जानेवारी २०१९ पासून फक्त उपासना-संगीत. मुलाने स्टेशन सोडलं, मी धरलं. हिशेब बरोबर!

आता गाण्यांविषयी. सुरुवातीला नुसता कीबोर्डचा लांबवलेला सूर, त्यावर हळू आवाजात दोन ओळी. मग कोरस. मग ड्रम चढत जातात, एकच ओळ पाच-सहा वेळा येते, एकदम सगळी वाद्यं थांबतात आणि समोरच्या गर्दीचा आवाज ऐकू येतो. पुन्हा ड्रम. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगू. पण तासाभरात तोच चढ, तोच उतार इतक्यांदा येतो की ड्रम कधी थांबणार ते भाजी परतता परतता आपल्याला आधीच कळतं. यातली कितीतरी गाणी मोजक्या मोठ्या चर्चमधून येतात: रेडिंगचं बेथेल, सिडनीचं हिलसाँग, नॉर्थ कॅरोलिनातलं एलिव्हेशन, अटलांटाचं पॅशन. मंचावर दिवे, खाली हजारो माणसं, हे ऐकतानाच दिसतं.

मी नगरची. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी, टाळ, ढोलकी. रेव्हरंड टिळकांची भजनं अभंगाच्या चालीवर. पेटीवाल्या काकांचा भाता गळका होता, तरी कुणाचं अडलं नाही, कारण गाणं खाली बसलेल्या माणसांतच चालू असायचं. बायका ओळ उचलायच्या, पुरुष परत द्यायचे, कुणीतरी हमखास बेसूर. एअर वनवर बेसूर कुणीच नसतं. मला ते खटकतं. तुम्हाला कदाचित तेच आवडेल.

निवेदक गोड बोलतात, थोडं जास्तच गोड. प्रवचन नाही, राजकारण जवळपास नाही, हा मोठाच दिलासा. या भागात रेडिओची सुई जरा इकडेतिकडे सरकवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. देणगी मोहिमेच्या दिवसांत मात्र दुसरं काहीतरी लावा. ऐकणाऱ्यांच्या पैशांवर स्टेशन चालतं, मागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाणं जरा रंगात आलं की फोन नंबर सुरू.

नवीन आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी जरूर लावून बघावं. मुलांना इथल्या चर्चमध्ये रविवारी जी गाणी म्हणावी लागतात, ती आठवडाभर कानावर पडतात. पहिल्या रविवारी नुसतं तोंड हलवत उभं राहावं लागत नाही. मराठी भजनांची सोय तुमची तुम्हाला करावी लागेल.

पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा निव्वळ जाहिराती नसल्याबद्दल.