विजेतेपदानंतरचं वर्ष : मुंबई सिटीसोबत सहा महिने, वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबर २०२१ मध्ये हंगाम सुरू होताना मी दोन गोष्टींवर पैसे खर्च केले. एक, वर्षभराची स्ट्रीमिंगची वर्गणी आणि दुसरी, मुंबई सिटी या आपल्या फुटबॉल क्लबची निळी जर्सी. आता मे २०२२ संपत आलाय. इंडियन सुपर लीगचे २० सामने आणि एप्रिलमध्ये रियाधला झालेले एएफसी चॅम्पियन्स लीगचे (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) ६, असे २६ सामने एकही न चुकवता बघून झाले. ऑफिसातले दोघेतिघे विचारत होते, "आम्हीही पुढच्या वर्षीपासून बघायला लागू का? तुझा अनुभव काय?" चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी गेल्या वर्षीचं. २०२०–२१ मध्ये कोच सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली आपण लीग जिंकलो. २८ फेब्रुवारीला एटीके मोहन बागानला २–० ने हरवून शिल्ड घेतली, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळणारी ढाल. दोघांचेही गुण ४०, पण एकमेकांविरुद्धच्या सामन्यांत आपण वरचढ होतो. दोनच आठवड्यांनी, १३ मार्चला, फातोर्ड्याला त्याच संघाविरुद्ध ट्रॉफीची फायनल. १–१ अशी बरोबरी आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. एकाच हंगामात शिल्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकणारा हा पहिलाच क्लब. त्या रात्री बाबा टीव्हीसमोर उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांचं वय पंच्याहत्तर आहे आणि फुटबॉल त्यांनी मुंबईच्या कूपरेज मैदानाच्या लाकडी बाकांवर बसून पाहिलाय. कंपन्यांचे संघ, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, नंतर महिंद्रा. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच बंद झाला. मुंबईला विजेता संघ मिळतो आणि टिकत नाही, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. म्हणून मार्च २०२१ ची ती रात्र आमच्या घरात सणासारखी होती.

आता या हंगामाविषयी. आपण पाचवे आलो. २० सामने, ९ विजय, ४ बरोबरी, ७ पराभव, ३१ गुण. या हंगामात पहिले चार संघ उपांत्य फेरीत जाणार होते आणि चौथ्या केरला ब्लास्टर्सचे ३४ गुण झाले. गतविजेते तीन गुणांनी बाहेर राहिले.

लोक म्हणतात गेल्या वर्षीच्या आक्रमणातला बुमूस गेला, ओग्बेचे गेला, ले फाँड्र गेला, म्हणून संघ पडला. मीही जानेवारीपर्यंत हेच म्हणत होतो. नंतर एका रविवारी वही घेऊन दोन्ही हंगामांचे आकडे समोरासमोर मांडले आणि माझं मत बदललं. विजेतेपदाच्या वर्षी साखळीत आपण ३५ गोल केले होते. या वर्षी ३६. म्हणजे एक जास्तच! खाल्लेले गोल मात्र १८ वरून ३१ वर गेले. त्यातही एक गोष्ट डोळ्यात भरते. सात सामने असे आहेत ज्यांत आपण तीन किंवा अधिक गोल खाल्ले, आणि ३१ पैकी २२ गोल या सातच सामन्यांत झाले. उरलेल्या तेरा सामन्यांत मिळून फक्त ९. बचाव रोज थोडाथोडा गळत नव्हता. एखाद्या दिवशी बांध फुटायचा आणि मग कुणालाच आवरता यायचं नाही.

असं का व्हायचं? माझं उत्तर अमरिंदर सिंग. कर्णधार, गोलकीपर, पाठीमागून सगळं मैदान बघणारा माणूस. तो मोहन बागानला गेला. त्याच्या जागी आलेला मोहम्मद नवाझ बाविशीतला मुलगा, चेंडू अडवण्यात चांगला. पण एक गोल खाल्ल्यावर दहा मिनिटं खेळ थंड करायचा, बचावपटूंना जागेवर उभं करायचं, ही वेगळी कला आहे आणि ती वयाने, सामन्यांनी येते. त्याला दोष देणार नाही. दोष असेलच तर एवढाच, की विजेत्या संघाने कर्णधाराची जागा भरताना अनुभवाला पुरेसं वजन दिलं नाही. कप्तानी मुर्तदा फॉलकडे गेली. फॉल गोलसमोरचा डोंगर आहे, पण तोही हंगामाच्या मधोमध घसरला, ते पुढे सांगतो.

दुसरं कारण कोच. लोबेरा ऑक्टोबरमध्ये गेले, पहिल्या सामन्याला जेमतेम सहा आठवडे असताना. डेस बकिंगहॅम आले, मेलबर्न सिटीतून, म्हणजे आपल्याच मालकांच्या दुसऱ्या क्लबमधून. माणूस शांत आणि तरुण खेळाडूंवर विश्वास टाकणारा. पण सहा आठवड्यांत दुसऱ्याने बांधलेलं घर आपलं करणं सोपं नाही. त्यात या हंगामापासून मैदानावर एका वेळी पाचऐवजी चारच परदेशी खेळाडू ठेवण्याचा नियम आला. नियम सगळ्यांनाच होता, तरी बचावात फॉल, मधल्या फळीत जाहू आणि पुढे अँगुलो यांच्यावर उभ्या असलेल्या संघाला चौथ्या परदेशी खेळाडूची निवड दर सामन्यात जड गेली. कासिओ, कातातौ, इनमन, नंतर डिएगो मॉरिसिओ. यातलं एकही नाव गेल्या वर्षीच्या बुमूसच्या जागी बसलं नाही.

सुरुवात मात्र अशी झाली की असली शंका कुणाला येणार? २२ नोव्हेंबरला गोव्याला ३–०. इगोर अँगुलो आदल्या वर्षी गोव्याकडूनच १४ गोल करून गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचं बक्षीस) घेऊन आलेला, त्याने जुन्या संघाविरुद्ध दोन मारले. मग हैदराबादकडून ३–१ ने हरलो आणि लगेच १ डिसेंबरला मोहन बागानला ५–१! तो सामना मी तीन वेळा पाहिलाय. चौथ्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगचा गोल, मध्यंतराला ३–०. समोरच्या गोलमध्ये कोण उभा? अमरिंदर. त्यांच्या मधल्या फळीत ह्युगो बुमूस. ज्यांना जाताना बघून आपण हळहळलो, त्यांच्याच संघाला पाच गोल. त्या रात्री मी मनाशी म्हटलं, झालं, आपलं काहीही बिघडलेलं नाही. मग बंगळुरू ३–१, जमशेदपूर ४–२, चेन्नईयिन १–०. सहा सामन्यांत १५ गुण, तक्त्यात सगळ्यांत वर.

माझ्या मते या हंगामाने आपल्याला सगळ्यांत जास्त फसवलं ते या पाच विजयांनी. आक्रमण इतकं जोरात होतं की मागची भेग कुणी पाहिलीच नाही.

१९ डिसेंबरला केरलाने ३–० ने हरवलं, फॉलला दुसरं पिवळं आणि मग लाल कार्ड. पुढच्या सामन्यात तो निलंबित, आणि नॉर्थईस्टच्या डेशॉर्न ब्राउनने हॅटट्रिक मारली, ३–३. ३ जानेवारीला ओडिशाविरुद्ध २–१ ने पुढे असताना ४–२ ने हरलो. ईस्ट बंगालशी गोलशून्य बरोबरी. बंगळुरूकडून ३–०. मग बबलमध्ये, म्हणजे संघांना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवलं होतं तिथेही, कोविड शिरला, सामने पुढे ढकलले गेले, आणि परत आल्यावर नॉर्थईस्टशी १–१, बागानशी १–१. १५ डिसेंबरनंतर पुढचा विजय थेट ६ फेब्रुवारीला. सलग सात सामने विजयाविना. चेंडू आपल्याकडे असायचा, जाहू मधोमध उभा राहून इकडून तिकडे लांब पास टाकायचा, पण समोरचा संघ हळूहळू शिकला होता. एक माणूस जाहूच्या अंगावर सोडायचा, बस. दुसरा रस्ता आपल्याकडे नव्हता. गेल्या वर्षी तिथे बुमूस असायचा.

फेब्रुवारीत जीव परत आला. ओडिशाला ४–१ ने हरवून परतफेड केली. जमशेदपूरकडून ३–२ ने हरलो, पण ईस्ट बंगाल आणि गोवा दोघांनाही गोल न खाता हरवलं. अपुइयाचा खेळ मी याच काळात नीट बघायला लागलो. मिझोरामचा हा मुलगा चेंडू घेताना मान आधी मागे वळवून बघतो, प्रत्येक वेळी. एकदा लक्षात आलं की नजर दुसरीकडे जातच नाही. जानेवारीत चेन्नईहून कर्जाऊ आलेला छांगटे आणि विक्रम प्रताप, हे तिघे बघताना वाटलं की पैसे वसूल इथे होतायत.

आणि मग २ मार्च. पुन्हा केरला. जिंकलो तर चौथी जागा जवळजवळ आपली. १९ व्या मिनिटाला सहल अब्दुल समद आपल्या तीनचार माणसांमधून चेंडू घेऊन गेला आणि गोल. मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टी, २–०. तरीही ४५ मिनिटं हातात होती. आई म्हणाली, जेवून घ्या रे. कुणी उठलं नाही. साठाव्या मिनिटाला नवाझच्या एका चुकीतून चेंडू अलगद अल्वारो वाझकेझच्या पायाशी आला. वाझकेझला फक्त तो ढकलायचा होता. नवाझ काही क्षण गुडघ्यांवर तसाच राहिला. कॅमेरा त्याच्यावर थांबला आणि मला तो कॅमेरा हलवावा असं वाटलं, त्या पोराला एकट्याला राहू द्यावं असं. मॉरिसिओने पेनल्टीवर एक गोल परत केला, ३–१ ने संपलं. तीन दिवसांनी हैदराबादविरुद्ध जिंकावंच लागणार होतं, तिथे २–१ ने हरलो. बाबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हैदराबाद पुढे ट्रॉफी जिंकलं, आणि त्यांच्यासाठी हंगामात १८ गोल कोणी केले? ओग्बेचेने. हे मात्र बोचतं. अँगुलोने आपल्यासाठी गोल केले, माझी तक्रार नाही, पण ओग्बेचेला जाऊ द्यायला नको होतं.

ज्यांनी हंगाम ५ मार्चला बंद केला त्यांचं अर्धं राहिलं. गेल्या वर्षीच्या शिल्डमुळे आपल्याला आशियाई स्पर्धेत जागा होती. रियाधला पहिल्याच सामन्यात अल शबाबकडून ३–० ने हरलो. ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध एक गोलने मागे पडलो, आणि मी मनाची तयारी करून बसलो. मग मॉरिसिओची पेनल्टी. पाचच मिनिटांनी जाहूचा कॉर्नर आणि राहुल भेकेचं डोकं. २–१. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. रात्र बरीच झालेली, तरी मी शेजारच्यांची बेल वाजवून सांगितलं. पुढे अल जझिराकडून १–० ने हरलो, परतीच्या सामन्यात त्यांना ०–० वर रोखलं, शबाबने ६–० ने धुतलं, आणि शेवटी छांगटेच्या गोलवर एअर फोर्सला पुन्हा हरवलं. ७ गुण, गटात दुसरे. लीगमध्ये पाचवा आलेला हाच संघ, हीच माणसं. बकिंगहॅमना आणखी वेळ मिळायला हवा असं मी म्हणतो ते या सहा सामन्यांवरून.

वापरण्याच्या बाजूने दोन गोष्टी. ज्या स्ट्रीमिंग सेवेची वर्गणी घेतली होती, तिचं चित्र टीव्हीपेक्षा बरंच मागे असतं. खालच्या मजल्यावरचा मुलगा ओरडला की आमच्याकडे अजून कॉर्नरच घेतला जात असायचा. डिसेंबरनंतर आम्ही केबलवरच बघू लागलो. तुम्हीही तेच करा. दुसरं, साडेनऊचे सामने लहान मुलं असलेल्या घरात जमत नाहीत, साडेसातचे आरामात जमतात. जर्सी दहाबारा धुण्यांनंतर अजून चांगली आहे, रंग उडालेला नाही.

पाचपैकी किती? निकालांना दोन, अपुइया, विक्रम आणि छांगटेला पाच, रियाधला पाच. सगळं मिळून साडेतीन देतो. घ्यावं का? घ्या. पण पहिल्या सहा सामन्यांवरून मत बनवू नका, मागे गोलमध्ये कोण आहे ते आधी बघा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात येत नाही. शिल्ड, ट्रॉफी आणि ही घसरण, दोन्ही हंगाम गोव्याच्या रिकाम्या मैदानांवर झाले. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान. लीग जिंकलेला आपला संघ विजेता म्हणून मे २०२२ पर्यंत तरी आपल्या घरच्या, अंधेरीच्या मैदानात एकदाही उतरलेला नाही. तिथे मी शेवटचा गेलो तो २१ फेब्रुवारी २०२० ला, चेन्नईयिनविरुद्ध. आपलाच जुना कप्तान ल्युसियन गोइयान याच्या गोलने हरलो होतो. ते तिकीट अजून पाकिटात आहे, घडीवर फाटत आलेलं.

परवा बाबांनी ते बघितलं. हातात घेऊन तारीख वाचली, परत दिलं आणि म्हणाले, "अरे, पुढचे सामने इकडे झाले तर मला ने. लोकलने येईन मी. पायऱ्या मात्र हळू चढू."