रॅली किट म्हणून उंच माणसाच्या गळ्यात काय मारतेत ते वाचा, मग गाडी घ्या

जुनी गाडी बघणाऱ्या उंच पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहायलोय. रॅली किट म्हणजे गाडी उंच करायचा कंपनीचा सुट्या भागांचा संच, त्याच्या नावाखाली मला कसं फसवलं ते सांगतो. ज्यांची उंची पाच-सहा, पाच-सात आहे त्यांनी नाही वाचलं तरी चालतंय, त्यांच्या मापानं अख्खा बाजार भरलाय. मी सहा फूट तीन इंच. राहायला अंबाजोगाई, काम ठिबकचं, म्हणजे केज, धारूर, रेणापूर ह्या पट्ट्यातली गावं रोज फिरायची. इतकी वर्षं स्प्लेंडर चालवली, गाडी सोन्यासारखी, कुरकुर नाही, पण माझे गुडघे टाकीच्या वर येतेत आणि गल्लीत हँडल पूर्ण वळवलं की गुडघ्याला अडकतंय. संध्याकाळी घरी आलं की मांड्या भरून आलेल्या असतेत. बायको म्हणायची ह्यांना गाडी नाही उंट पाहिजे.

आता फसवणूक कुठं सुरू होते ते आधी सांगतो, कारण ती डीलरच्या दारात नाही, त्याच्या आधीच सुरू होती. कुठंबी जा आणि म्हणा मी उंच आहे, माझ्यासाठी कोणती गाडी, की समोरचा लगेच सीट हाइट सांगायला लागतो. स्प्लेंडर 785 मिलिमीटर, क्लासिक 350 ची 805, हीरोच्या एक्सपल्स 200 ची 823, नवीन हिमालयन 450 ची 825 आणि वर करून 845, जुनी केटीएम 390 अॅडव्हेंचर 855. आकडे खरे आहेत, खोटं कुणी बोलत नाही. पण सीट हाइट म्हणजे जमिनीपासून सीटपर्यंतचं अंतर, म्हणजे पाय टेकतेत का नाही ते सांगणारा आकडा, आणि पाय टेकायची अडचण बुटक्या माणसाला असती, आपल्याला कशाला असेल. आपल्याला पाहिजे ते अंतर सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं, कारण गुडघा किती मुडपून बसायचा ते तिथं ठरतंय. आणि हा आकडा कंपनीच्या कागदावर छापलेलाच नसतो. अॅव्हेंजरची सीट फक्त 737 आहे, सगळ्यात खाली, तरी लांब पायाचा माणूस तिच्यावर आरामात बसतो, कारण फूटरेस्ट पुढं आहेत. एवढं एकच उदाहरण डोक्यात ठेवा, पुढचं सगळं कळंल.

तर मला एक्सपल्स 200 घ्यायची होती. नवी हिमालयन तीन लाखाच्या घरात जाती, ठिबकच्या कमाईत ते बसत नाही. लातुरात एक जण जुन्या गाड्या घेतो-विकतो, नाव लिहीत नाही, नावानं काय होणार, असे गल्लोगल्ली आहेत. त्यानं स्टेटसला टाकलेलं की रॅली किटवाली एक्सपल्स, 2021 चं मॉडेल, टॉल रायडरसाठी स्पेशल, सिंगल ओनर. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, रॅली किट ही खरी वस्तू आहे, कंपनीनंच 2020 ला काढली, तेव्हाच 38 हजाराला होती. त्यात पुढचे-मागचे लांब शॉकअप, सपाट लांब सीट, हँडल रायझर, लांब गिअर लिव्हर, लांब साइड स्टँड, मॅक्सिसचे टायर असं सगळं येतंय. साधी एक्सपल्स खालून 220 मिलिमीटर उचललेली असती, किटवाली 275. म्हणून मी फोनवरच विचारलं की किट कंपनीचंच का, तर व्हॉइस मेसेज आला, "सर शंभर टक्के कंपनी फिटेड, पावती पण आहे." हा मेसेज मी ठेवलाय, पुढं कामाला आला.

गेलो बघायला. गाडी दिसायला एक नंबर, किटचे स्टिकर सगळे जागेवर. त्यानं माझ्यासमोर टेप काढला, सीट मोजली, 35 इंच भरली, म्हणजे जवळजवळ 890 मिलिमीटर. मी बसलो तर पहिल्यांदा गुडघे मोकळे वाटले, खरंच सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा गाडीवर माणसासारखा बसलो. चक्कर मारायला दिली पण "पेट्रोल टाकून येतो" म्हणत स्वतः मागं बसला आणि रस्ता त्यानं ठरवला, सरळसोट चौपदरी, एक पंप, पंपावर मोठा गोल वळसा, आणि परत. हे तेव्हा साधं वाटतंय. का तसं केलं ते नंतर कळलं. किटची पावती मागितली तर पहिला मालक पुण्याला गेलाय, व्हॉट्सअपवर मागवून देतो. साध्या गाडीचा जो भाव चालू होता त्याच्यावर तीस हजार जास्त लावले, फक्त किटचे. बिल दिलं त्यावर लिहिलं "गाडी विथ अॅक्सेसरीज". किट शब्द नाही. मी म्हणलं किट लिहा, तर म्हणला सर बिलबुकात तेवढीच जागा आहे, आणि खरंच ती ओळ एवढुशी होती. काय डोकं आहे बघा, बिलबुकच तसं छापून घेतलंय.

पहिले काही आठवडे मजेत. मग एकेक सुरू झालं.

आधी सीट बसायला लागली. वरून फोम टाकून उंच केलेली होती, आणि फोम कसला तर सोफ्यात घालतेत तसला मऊ. दुकानात दहा मिनिटं बसलं की स्वर्ग वाटतो, रोज सहा-सात तास ऐंशी-नव्वद किलोचा माणूस बसला की चपटा होतो. गुडघे हळूहळू परत वर यायला लागले आणि मला वाटलं मलाच सवय झाली म्हणून पहिल्यासारखं वाटत नसंल. मग रात्री लातूरहून येताना लाइट रस्त्यावर लांब पडंना, नुसता चाकाच्या पुढं उजेड. वर केला तरी तेच. ऐंशीच्या पुढं गेलं की हँडल हलकं लागायचं, ट्रक बाजूनं गेला की गाडी स्वतःच्या मनानं इकडं-तिकडं करायची.

आणि मग रेणापूरकडच्या एका गावात, वाड्याच्या बोळीत गाडी वळवत होतो, डावीकडं पूर्ण हँडल टाकलं आणि गाडीनं आपोआप रेस घेतली. मी अॅक्सिलेटरला हातसुद्धा पिळला नव्हता. क्लच सापडेपर्यंत मी आणि गाडी दोघं उकिरड्यात. लागलं नाही काही, पण ज्याच्या शेतात ठिबक टाकायला गेल्तो तो शेतकरीच काठावर उभा राहून हसायला, आणि तेच तोंड घेऊन मला त्याला पाइपाचे भाव सांगायचे होते.

आमच्या मेस्त्रीकडं नेली. त्यानं गाडी चालू न करताच एवढं दाखवलं की मी गपच बसलो. हँडलखाली लोकल रायझर टाकून हँडल वर घेतलेलं, पण केबल जुन्याच, मूळ लांबीच्या. सरळ चालताना काही कळत नाही, डावीकडं पूर्ण वळवलं की अॅक्सिलेटरची केबल ताणती आणि रेस आपोआप वाढती. म्हणून तर ट्रायलला तो बोळीत जाऊ देत नव्हता. मागच्या शॉकअपला खालून लोखंडी तुकडा जोडून मागची बाजू उचललेली, पुढची जशीच्या तशी. गाडीचं बूड वर, तोंड खाली, मग लाइट जवळच पडणार आणि हँडलबी हलकं होणार. चेन वरून स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, घासत होती, रबर अर्धं खाल्लेलं. पुढचे फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, साधे, किटवाले सेटिंगचे असतेत, वरच्या टोकाला फिरवायचे स्क्रू येतेत, इथं नुसत्या कोऱ्या टोप्या. गिअर लिव्हर साधं, माझा अकरा नंबरचा बूट त्याखाली घालायला पाय तिरका करावा लागायचा तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते. आणि साइड स्टँड, ते तर बघण्यासारखं, मूळ स्टँडला खाली दोन बोटाचा तुकडा वेल्ड करून काळा रंग मारलेला. मग इंजिनाच्या पत्र्याखाली टेप लावला. 275 भरायला पाहिजे तिथं 230 च्या आसपास.

म्हणजे त्यानं टेप खोटा धरला नव्हता. सीट 35 इंच होतीच की. मला पाहिजे होतं त्यातलं एकच अंतर त्यानं फोमनं वाढवून दाखवलं, तेबी महिन्याभराचं, आणि बाकी गाडी मागून उचकटून ठेवली. आणि गंमत अशी की मागून लोखंडाचा तुकडा टाकून गाडी उचलली तर गुडघ्याला काहीच फरक पडत नाही, कारण फूटरेस्टबी गाडीबरोबर वर जातेत. एवढं केलं ते फक्त ती गाडी उभी असताना उंच दिसावी म्हणून. उंच माणूस लांबून बघतो, ही माझ्या मापाची म्हणतो, आणि तिथंच त्याचा सौदा झालेला असतो.

लातूरला परत गेलो तर तो जराबी घाबरला नाही. म्हणला, "सर तुम्ही स्वतः बसून बघितलं, स्वतः चालवून बघितलं, मी कुठं जबरदस्ती केली." मी तक्रारीचं नाव काढलं तर वर मलाच दम. गाडी आता तुमच्या नावावर आहे, मॉडिफाय केलेली आहे, आरटीओकडं गेलात तर मालकाला एकेका बदलाला पाच हजार दंड आहे. आणि हे खरं आहे बरं का, मोटार वाहन कायद्यात कलम 182 अ मध्ये मालकानं बेकायदेशीर बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये किंवा सहा महिने कैद असं आहे. ह्याच भीतीनं कितीतरी पोरं गप बसत असतील. पण आमच्या आळीतल्या वकील काकांनी तेच कलम वरून वाचून दाखवलं. त्याच कलमाच्या पहिल्या भागात गाड्यांचा डीलर असा बदल करून गाडी विकत असंल तर गाडीमागं एक लाख दंड किंवा एक वर्ष कैद आहे. तो भाग ह्या महाराजांनी सांगितलाच नाही. आणि तो खुशाल म्हणायला की मालकानं बदल केला, पण बदल मी केलाच कुठं.

काकांनीच अजून एक विचारलं, त्याच्याकडं आरटीओचं प्रमाणपत्र आहे का. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून नोंद करून घ्यावी लागती, फॉर्म 29 बी म्हणतेत त्याला. त्याच्या भिंतीवर सगळे देव होते, हे एक नव्हतं. तुम्ही कुठं जाल तिथं आधी हे मागा. नसलं तर गाडी कितीबी चांगली असू द्या, पुढं भांडताना समोर कुणी उभाच राहत नाही, कागदावर विकणारा पहिला मालक आणि हा म्हणणार मी नुसता मधला.

1915 ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि त्याला कळवलं, त्यानं उत्तर दिलं नाही. मग ग्राहक आयोगात टाकली. ही गोष्ट लोकांना माहीत नसती म्हणून सांगतो, गाडी लातुरात घेतली तरी लातूरला खेटे मारायची गरज नाही, 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येती, म्हणून मी बीडला केली. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. तो व्हॉइस मेसेज, स्टेटसचा स्क्रीनशॉट, मेस्त्रीनं लिहून दिलेला कागद आणि टेप लावलेले फोटो, हे सगळं जोडलं. नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, आवाज एकदम मऊ, पंधरा हजार देतो मिटवून टाका. मी नाही म्हणलं, किटचे तीस आणि दुरुस्तीचे वेगळे. अजून चालूच आहे.

गाडी बघायला जाणार असाल तर टेप तुमचा स्वतःचा न्या, आणि सीटला नाही, सीटपासून फूटरेस्टपर्यंत लावा. तेच माप आधी तुमच्या आत्ताच्या गाडीचं घेऊन ठेवा, मग फरक कळतो. इंजिनाखाली टेप लावा. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, रेस जराबी बदलली तर रायझर टाकून केबल ताणलेल्या आहेत. सीटवर नुसतं बसू नका, अंगठ्यानं दाबून बघा, खालचा पत्रा लागला तर फोम सोफ्याचा आहे. रोजचाच बूट घालून जा, चप्पल घालून गेलं की गिअर लिव्हरचं कळत नाही. ट्रायलला रस्ता तुम्ही ठरवा, बोळ पाहिजेच. आणि बिलावर किट हा शब्द, कंपनीचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या, जागा नसंल तर मागच्या बाजूला लिहा म्हणावं आणि सही-शिक्का घ्या.

मेस्त्रीनं मागचा तुकडा काढून शॉकअप मूळ केलाय, रायझर ठेवला पण लांब केबल टाकल्या, आणि सीट दाट फोमची नवीन करून घेतली, अडीच हजारात. आता गुडघे बऱ्यापैकी मोकळे आहेत. म्हणजे जे काम अडीच हजारात होणारं होतं त्याचे त्यानं तीस लावले, हे लिहिताना अजून डोकं फिरतंय.

परवा त्याच्या स्टेटसला अजून एक तसलीच गाडी आलीय, पांढरी, टॉल रायडर स्पेशल. लातूर, उदगीर, परळी भागातलं कुणी विचारात असंल तर सांगून ठेवतो, ह्यावेळी सगळे फोटो उजव्या बाजूनं काढलेत, साइड स्टँड एकातबी दिसंना.