अपघाताची भरपाई: लवकर तडजोड की न्यायाधिकरणात दावा?

एफआयआर, पंचनामा, समोरच्या गाडीची विमा पॉलिसी आणि डिस्चार्ज कार्ड हाताशी आहे असं धरून चालतो. पुढे दोन वाटा उरतात. विमा कंपनीशी रक्कम ठरवून लोकअदालतीत तडजोड करायची, किंवा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पुरावा देऊन निकाल घ्यायचा. माझ्या मांडीच्या हाडात रॉड बसला तेव्हा मलाही हे ठरवावं लागलं.

तडजोडीत पैसे लवकर मिळतात, उलटतपासणी टळते, भरलेली कोर्ट फी परत येते. घरातलं एकमेव कमावतं माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल, तर ही वाट धरणाऱ्याला मी तरी चूक म्हणणार नाही. दुखापत किरकोळ आणि पूर्ण बरी झालेली असेल तर हीच वाट बरी.

मला खटकलं ते एकच. तडजोडीच्या प्रत्येक बैठकीत बेरीज व्हायची ती फक्त झालेल्या बिलांची. रॉड काढायची शस्त्रक्रिया बाकी, फिजिओथेरपी चालू, गुडघा किती वाकेल हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. आणि यापुढे काही मागणार नाही, ही सही मात्र आत्ताच हवी. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. माझं काम दिवसभर दुकानात उभं राहण्याचं. हाड जुळण्याआधी त्याचा हिशेब मिटवायला मन तयार होईना.

न्यायाधिकरणात तारखांवर तारखा पडतात, हे खरंच. वकिलाची फी आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठीचे हेलपाटेही आहेत. पण तिथे पुढच्या उपचारांचा खर्च मांडता येतो आणि दावा दाखल केल्या दिवसापासूनचं व्याज मागता येतं. अपंगत्वाची नुसती टक्केवारी बघूनही तिथे भागत नाही. ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडलं आहे: डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साठ टक्क्यांच्या आसपास धरलं जाईल, पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडते. कारकुनाचं तसं होईलच असं नाही. माझ्या निकालात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च धरला गेला, आणि उभं राहण्याच्या कामाचाही विचार झाला.

प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, तेव्हा आपल्या वकिलाशी बोलूनच ठरवा. मला विचाराल तर दावा आधी दाखल करा. मोटार वाहन कायद्यात २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि तो तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. अपंगत्वाचा दाखला हातात आल्यावर तडजोड करावीशी वाटली, तर चालू दावाही लोकअदालतीत नेता येतो.