गरोदरपणातल्या मळमळीवर सोलापूरची कडक भाकरी: कोणती घ्यावी, कशी खावी, कुठे थांबावं

दिवस गेलेल्या बाईने सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं खावं, हा सल्ला बहुतेक डॉक्टर देतात. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: दोन टोस्ट नाहीतर मारी बिस्किटं. सोलापुरात राहणाऱ्यांनी त्या टोस्टच्या मागे लागायचं कारण नाही. शेंगा चटणीच्या दुकानात त्याच फळीवर रचून ठेवलेली ज्वारीची कडक भाकरी हे काम टोस्टपेक्षा चांगलं करते. फक्त पाकीट नीट निवडायला हवं आणि खायची पद्धत सांभाळायला हवी, कारण त्या दोन्ही बाबतींत चुका होतात आणि मग 'भाकरीनेच उलटी झाली' असं म्हणून ती बाजूला पडते.

चांगल्या कडक भाकरीत तीनच गोष्टी असतात: ज्वारीचं पीठ, पाणी आणि मीठ. पातळ थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्याने दाबत, फिरवत तिच्यातला ओलावा पूर्ण घालवायचा. तेल नाही, साखर नाही, मैदा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिला वास जवळजवळ नसतो. पहिल्या तीन महिन्यांत फोडणीचा, दुधाचा, अगदी भाताच्या वाफेचाही वास सहन होत नाही, तेव्हा हा गुण फार मोठा. ज्वारी इथली घरचीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या मालदांडी जातीच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी चवीला किंचित गोडसर लागते आणि तोंडाला कडवट, धातूसारखी चव आलेली असताना तेवढा गोडसरपणा बरा वाटतो.

ती उपयोगी का पडते ते समजून घेतलं तर वापर चुकत नाही. रात्रभर पोट रिकामं असतं, आत आम्ल साठलेलं असतं, आणि उठल्याबरोबर शरीर हललं की उमासे सुरू होतात. पोटात थोडं कोरडं, पिठूळ अन्न आधीच गेलेलं असलं तर हा पहिला झटका बोथट होतो. बऱ्याच जणींना याच काळात तोंडाला सारखी लाळ सुटते. कोरडा तुकडा ती लाळही टिपून घेतो. स्निग्धांश जास्त असलेलं अन्न पोटात रेंगाळतं आणि मळमळ वाढवतं, म्हणून बिनतेलाची भाकरी इथे उजवी ठरते. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि तितकेच तंतू असतात, त्यामुळे बिस्किटासारखी ती चुटकीसरशी जिरून पुन्हा पोकळी होत नाही.

आता खायची रीत. रात्री झोपतानाच भाकरीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून छोट्या स्टीलच्या डब्यात भरा. एकूण चतकोर भाकरी पुरते. डबा उशाशी, हात पोचेल असा, म्हणजे सकाळी तो घ्यायला उठावं लागणार नाही. जाग आल्यावर डोकं एका उशीने जरा उंच करा, कुशीवर वळा आणि एक तुकडा तोंडात धरा. चावायची घाई नको; लाळेने मऊ होऊ द्या, मग चावून गिळा. पूर्ण आडवं, उताणं पडून खाऊ नका, ठसका लागतो. असे चार-पाच तुकडे झाले की पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहायचं. मग आधी पाय खाली सोडून पलंगावर बसायचं आणि त्यानंतर उभं राहायचं. झटक्यात उठलं की सगळी मेहनत वाया जाते.

पाण्याची चूक सर्वांत जास्त होते. भाकरी कोरडी म्हणून तिच्यावर लगेच तांब्याभर पाणी प्यायलं जातं, पोट ताणतं आणि भाकरीसकट सगळं बाहेर येतं. पहिला अर्धा तास दोन-तीन घोटांच्या वर जाऊ नका. त्यानंतर दिवसभर मात्र पाणी घोट-घोट करत भरपूर प्यायला हवं, कारण इतके तंतू पोटात जाऊन पाणी कमी पडलं तर बद्धकोष्ठ होतं आणि गरोदरपणात ते आधीच मागे लागलेलं असतं. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात तर याकडे दुपटीने लक्ष द्या. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत असेल तर प्यायचं पाणी उकळून, झाकून वेगळं ठेवा. मळमळीच्या उलट्यांत जुलाबाची भर पडली तर अंगातलं पाणी फार लवकर आटतं.

रात्री लघवीला उठावं लागतंच. तेव्हाही एक तुकडा खाऊन झोपा. सकाळपर्यंतचं रिकामं अंतर निम्मं होतं. दिवसा दर दोन तासांनी काहीतरी, मूठभरच. भाकरीच्या जोडीला फुटाणे ठेवा. नुसत्या पिठूळ किंवा गोड खाण्यापेक्षा प्रथिनं असलेला लहान घास मळमळ जास्त वेळ रोखून धरतो, आणि फुटाण्यालाही वास नसतो.

या भाकरीचा एक खरा दोष आहे. गरोदरपणात हिरड्या सुजतात, हळव्या होतात, ब्रश लागला तरी रक्त येतं. कडक भाकरीची मोडलेली कड चांगली धारदार असते आणि ती अशा हिरडीत रुतते. म्हणून मोठा तुकडा दातांनी तोडू नका. हिरड्या फारच दुखत असतील तर भाकरी चुरून, कोमट पाण्याचा हबका मारून, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि चमच्याने खा. कोरडेपणाचा फायदा थोडा कमी होतो, पण तोंड सोलून निघण्यापेक्षा ते बरं. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांचं वरचं कवच त्या वेळी मऊ झालेलं असतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरा आणि अर्ध्या-एक तासाने ब्रश करा.

दुकानात उभं राहून कोणती घ्यावी? साधी, पांढरी ज्वारीची. तिखट-मीठ लावलेली, लसूण घातलेली, मेथी घातलेली अशा भाकरी आता सगळीकडे मिळतात. त्या एरवी छान, या कामाला नकोत. बाजरीची तीळ लावलेली भोगीला हवीच, पण बाजरीच्या पिठाला आणि तिळाला स्वतःचं तेल असतं, महिना-दीड महिन्यात खवट वास धरतो आणि तो वास नाकाजवळ आला की संपलं. ज्वारीची जास्त टिकते. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बघा. बचत गटाच्या ताईंकडून सुटी घेत असाल तर कधी भाजली ते सरळ विचारा, त्या सांगतात. नग मोजून भाव करू नका; जाड भाकरी वजनाला भरते पण मधोमध ओल राहिलेली असते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. उजेडात धरून मधला भाग कडेपेक्षा गडद दिसतो का पाहा. एक तुकडा मोडा: कट्‌कन आवाज करून तुटली पाहिजे, वाकली तर दमट झालेली आहे. नुसती दमट असेल तर मंद तव्यावर दोन मिनिटं शेकली की पूर्ववत होते. हिरवट-काळा ठिपका दिसला तर शेकून वापरू नका, टाकून द्या.

विडी वळणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण शहराच्या पूर्व भागात अशी घरं पुष्कळ आहेत. तंबाखूचा वास भाकरी पटकन ओढून घेते. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि तंबाखूच्या सुपापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत. तंबाखूची धूळ पोटातल्या बाळालाही वाईट आहे. जमेल तिथे या महिन्यांत वळायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं, निदान गरोदर बाईची झोपायची जागा तरी वेगळी असावी.

शेंगा चटणी सकाळी नको. सोलापुरी चटणीची ओळखच मुळी कुटता कुटता सुटलेलं शेंगदाण्याचं तेल, लसूण आणि लाल तिखट ही आहे. रिकाम्या पोटी हे तिन्ही छातीत जळजळ करतात. डोहाळा लागलाच तर दुपारी, पोटात आधी काही गेलेलं असताना, अर्धा चमचा चटणी दह्यात कालवून भाकरीशी खा. शेंगदाण्यातली प्रथिनं कामाचीच आहेत. भाकरी आणि चटणी एकाच पिशवीत बांधून देतात ती मात्र घरी येताच वेगळी करा.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. खारी या यादीतून काढूनच टाका, तिच्या पापुद्र्यापापुद्र्यात तूप-वनस्पती असतं. टोस्ट चालतो, पण मैदा आणि साखर, तासाभरात पुन्हा पोकळी. मारीचा व्हॅनिलाचा वास काही जणींना अजिबात चालत नाही. चुरमुरे हलके आणि निरुपद्रवी, पोटात टिकत नाहीत एवढंच. भाकरी नकोच वाटली तर थंड डाळिंबाचे दाणे बघा. ते इथे उत्तम मिळतात, आणि थंड पदार्थाला वास कमी असल्यामुळे ते बऱ्याचदा पोटात राहतात. आल्याचा उपयोग खरा आहे: सुंठ दिवसाला एकूण १ ग्रॅमपर्यंत, चार वेळा विभागून. आलेपाकाच्या वडीत साखर जास्त आणि आलं किती ते कळत नाही, त्यामुळे तिचा हिशेब लागत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सुंठेआधी डॉक्टरांना विचारा.

घरी करायची तर वाटीभर ताज्या पिठाला पाऊण वाटी कडकडीत पाणी, पाव चमचा मीठ. झाकून पाच मिनिटं ठेवून चांगलं मळा, नेहमीच्या निम्म्या जाडीची थापा. दोन्ही बाजू भाजल्यावर आच अगदी बारीक करून दहा-बारा मिनिटं दाबत फिरवा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. भाकरीला भेगा पडतात आणि चवही कडवट येते. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरलीत तर वाफेने दुसऱ्या दिवशी चिवट होईल. हे काम सासूबाईंनी, जाऊबाईंनी किंवा नवऱ्याने करावं. मळमळणाऱ्या बाईला तव्यासमोर उभं करायचं नाही.

भाकरीने कुठवर भागतं हेही स्पष्ट असू द्या. ही मळमळ मनाचे खेळ नाहीत. वारेतून (प्लॅसेंटातून) रक्तात येणारं जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणलं. भाकरी त्या संप्रेरकाला काही करत नाही, रिकाम्या पोटाचं निमित्त तेवढं काढून घेते. त्रास साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, नवव्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींचा सोळाव्यापर्यंत ओसरतो. खाण्यातल्या बदलांनी भागत नसेल तर सोसत बसू नका. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एकत्रित गोळी गरोदरपणात दीर्घकाळ वापरात आहे आणि डॉक्टर बहुधा तीच पहिली देतात. ती सावकाश विरघळणारी असल्याने रात्रीची मात्रा सकाळी कामाला येते. फोडून, चावून खायची नाही, आणि भाकरीच्या घासाबरोबर न घेता रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची. झोप येते, हे धरून चाला. लोहाच्या गोळीने मळमळ वाढते. सरकारी कार्यक्रमातही ती चौथ्या महिन्यापासूनच असते, आधी फक्त फॉलिक अॅसिड. तेव्हा कुणी पहिल्याच महिन्यात लोह सुरू केलं असेल तर डॉक्टरांशी बोला.

चोवीस तास पाणीसुद्धा पोटात राहत नाही, आठ तास लघवी झालेली नाही किंवा ती गडद पिवळी आहे, उभं राहिलं की अंधारी येते, उलटीत रक्त आहे, ताप किंवा पोटदुखी आहे, वजन ५ टक्क्यांनी उतरलं आहे (५० किलोच्या बाईचं अडीच किलो): यातलं एकही दिसलं तर भाकरीचा डबा बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलट्या नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या असतील तर कारण वेगळं असू शकतं, तेही तपासून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८. वाटेत द्यायला क्षार-संजीवनी (ओआरएस) घेत असाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी मागा, १ लिटर पाण्यात मिसळायची; खोक्यातली गोड पेयं त्या जागी चालत नाहीत. आणि दोन-तीन आठवडे अन्न टिकलेलं नसेल तर सलाईन लावताना तेवढं नक्की सांगा. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन, म्हणजे ब-१, द्यावं लागतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. सोबत गेलेल्या माणसाने हे विचारायला संकोचू नये.