नऊ महिन्यांनंतर: शिवून घेतलेले ट्रेकिंग बूट

वापर जून ते फेब्रुवारी. पावसात ओला कातळ आणि चिखल, थंडीत राजगड-तोरण्याकडचा सुट्या माती-दगडांचा घसारा. बूट घोट्यापर्यंतचे, रबरी सोल कारखान्यात नुसता चिकटवलेला, सोलची कड बुटाच्या बाजूवर साधारण 8 मिमी चढलेली. नवे असतानाच मोच्याकडून सगळीकडून शिवून घेतले. सोल अजून जागचा हललेला नाही.

सोल बहुधा बोटांपाशी उघडतो. चढावर बूट तिथेच दुमडतो, दर दुमडीला चिकटवलेली कड जराशी उचलते आणि फटीत पाणी-माती शिरली की गोंद पुन्हा धरत नाही. म्हणून भरवसा टाक्यावर ठेवायचा, गोंद फक्त फट बंद करायला. दोरा मेण लावलेला नायलॉनचाच हवा. शिवण्याआधी कडेत बारीक खाच मारून घ्यायला आवर्जून सांगा. दोरा खाचेत बसला नाही तर कातळ तो घासून तोडतो. टाका 7-8 मिमीचा ठेवावा, फार जवळ घातला तर रबर भोकांच्या रेषेत फाटतं. कडेला रबर नसून नुसता फोम असेल तर शिवू नका, दोरा फोम कापत जातो. वॉटरप्रूफ अस्तराला भोकं पडतात हे खरं, पण सह्याद्रीच्या पावसात पाणी वरूनच बुटात उतरतं, त्यामुळे ते नुकसान मान्य आहे.

वाटेत सोल सुटलाच तर 3 मिमी जाडीची दोन मीटर दोरी लागते. ती सोलच्या खाचांमधून आडवी घेऊन वर नाडीच्या कड्यांना बांधायची, गाठ वरच्या बाजूला. चिकटपट्टी ओल्या बुटाला धरत नाही, आणि कोरड्यावर लावली तरी खडकावर लवकर फाटते. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच, तो कडक होतो आणि दुमडीवर तडकतो. घरी आल्यावर दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून रबराचा गोंद लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग दाबून चोवीस तास वजनाखाली ठेवा.

जुना जोड बाहेर काढताना सोलचा मधला थर अंगठ्याने दाबून बघा. तो अनेकदा पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लास्टिकचा असतो, आणि ते दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याही कुजतं. भुगा पडला किंवा चिरा दिसल्या तर तो बूट ना चिकटत, ना शिवला जात.

ओले बूट चुलीशेजारी वाळवू नयेत, उष्णतेने गोंद सैल पडतो. आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला.

या जोडाच्या उजव्या टाचेला बाहेरून चार टाके झिजलेत. पावसाआधी तेवढा भाग पुन्हा शिवून घ्यायचा आहे.